पुस्तक आधी कानानं निवडा

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमचं घर भरतं. माहेरी आलेल्या लेकी, त्यांची पोरं, दारातल्या निंबाला बांधलेला झोका, आणि दुपारी बारा ते चार बाहेर पाय ठेवायची सोय नाही असं जळगावचं ऊन. त्या चार तासांत पोरांना घरात कसं रमवायचं, हा आमच्याकडच्या प्रत्येक आजीपुढचा प्रश्न. एका आखाजीला मी कूलरसमोर चटई टाकली, पाच पोरांना बसवलं आणि म्हातारी आणि भोपळ्याच्या गोष्टीचं चित्रपुस्तक उघडलं. पानभर पसरलेला केशरी, गरगरीत भोपळा होता. धुळ्याहून आलेली चार वर्षांची पोर पुढे सरकली, चित्रावर बोट ठेवलं आणि ठासून म्हणाली, "आजी, हाऊ भोपळा नही. हाई ते गंगाफळ शे!"

तिचं बरोबर होतं. तिच्या घरी भोपळा म्हणजे दुधी. दुधी भोपळ्यात म्हातारी मावेल कशी? मी पहिली-दुसरीच्या वर्गाला अठ्ठावीस वर्षं शिकवलं, ही गोष्ट कितीदा सांगितली त्याची मोजदाद नाही, पण ही अडचण माझ्या कधी ध्यानात आली नव्हती. पोरीच्या कानावर एक शब्द पडला, डोळ्यांना दुसरंच दिसलं आणि दोन्हींचा मेळ बसेना म्हणून ती बोलली. तिला अजून अक्षर ओळखता येत नव्हतं. तरीही ती जे करत होती त्याला वाचनच म्हणायला हवं.

लहान मुलांसाठी चित्रपुस्तक कोणतं घ्यावं, असं मला पुष्कळ जण विचारतात. आई-बाबा विचारतात, अंगणवाडी सेविका विचारतात, नातवाच्या वाढदिवसाला काहीतरी न्यायचं असलेले आजोबा विचारतात. माझं उत्तर त्या पोरीपासून सुरू होतं. चित्रपुस्तक दोन वाटांनी आत जातं. शब्द कानानं जातात, चित्र डोळ्यांनी. मेरी अ‍ॅन एव्हान्स आणि ज्याँ सॅन्-ऑबँ या कॅनडातल्या संशोधकांनी २००५ साली मुलांच्या नजरेचा माग काढणाऱ्या यंत्रानं हे तपासलं. मोठं माणूस वाचून दाखवत असताना चार वर्षांची मुलं छापील अक्षरांकडे जवळजवळ पाहतच नाहीत, त्यांची नजर चित्रांवरून फिरत असते. म्हणजे मजकूर मुलासाठी छापलेला असला तरी तो वाचणार आपण आणि ऐकणार मूल. म्हणून दुकानात पुस्तक हातात घेतलं की आधी ते कानानं पारखायचं.

ते कसं करायचं ते सांगते. पुस्तक मधूनच कुठेतरी उघडा आणि दुकानात उभ्या उभ्या एक पान मोठ्यानं वाचा. लाजू नका. दुकानदार पाहील, पाहू द्या. समजा पानावर असं वाक्य आहे: 'ससा अतिशय आनंदित झाला व त्याने आपल्या मित्राचे मनःपूर्वक आभार मानले.' यात व्याकरणाची चूक एकही नाही, पण हे वाक्य कोणत्याही घरात, कोणत्याही आईच्या तोंडून कधी निघालेलं नाही. आता हे वाचा: 'ससोबा खूश! टुणकन उडी मारली आणि म्हणाला, अरे वा, गाजर!' दुसरं वाक्य वाचताना आवाज आपोआप चढतो, भुवया वर जातात, मांडीवरचं मूल हलतं. पहिल्या वाक्यावर तुम्ही कितीही अभिनय करा, ते बसलेलंच राहणार. बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या गोष्टींच्या पुष्कळ पुस्तकांत पहिल्याच जातीची वाक्यं असतात, कारण ती कोणीतरी घाईघाईनं भाषांतर करून टाकलेली असतात आणि छापण्यापूर्वी एकदाही मोठ्यानं वाचलेली नसतात.

आपल्या भाषेजवळ या कामासाठी फार मोठी पुंजी आहे. धपकन, टुणकन, सळसळ, चुळबुळ, गरागरा, भुर्र, डुबुक, खळखळ. व्याकरणात आपण यांना अनुकरणवाचक शब्द म्हणून शिकवतो आणि पुढे जातो. दोन वर्षांच्या मुलासाठी मात्र हे शब्द म्हणजे भाषेचा सगळ्यात चविष्ट घास. 'डुबुक' हा शब्द ऐकला की पाण्यात काहीतरी पडलं हे त्याला कोणी समजावून सांगावं लागत नाही. ज्या पुस्तकात असे शब्द नेमक्या जागी येतात ते निम्मं तिथेच पास झालं. चेन्नईच्या तूलिका प्रकाशनाचं अशोक राजगोपालन यांचं 'गजपती कुलपती' पाहा. एका हत्तीला सर्दी होते आणि त्याला प्रचंड शिंक येते, एवढीच गोष्ट. पण ती शिंक वाचणाऱ्याला खरोखर द्यावी लागते, आणि एकदा दिली की पोरं पुन्हा पुन्हा ती शिंक मागतात.

पुन्हा मागणं, यावर थोडं थांबते, कारण आई-बाबा इथेच कंटाळतात. मूल रोज तेच पुस्तक आणतं. आपण म्हणतो, अरे कालच वाचलं ना, आज नवीन वाचू. मूल ऐकत नाही, आणि मूल बरोबर असतं. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठात जेसिका हॉर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली तीन वर्षांच्या मुलांवर एक प्रयोग केला. आठवडाभरात काही मुलांना त्याच त्या गोष्टी पुन्हा पुन्हा वाचून दाखवल्या, काहींना दर वेळी वेगळी गोष्ट. नवे शब्द दोन्ही गटांच्या कानांवर सारख्याच वेळा पडतील याची काळजी घेतली होती. तरीही तीच गोष्ट पुन्हा ऐकणाऱ्या मुलांना ते शब्द जास्त पक्के आले. याचं कारण मला असं वाटतं, की पहिल्यांदा गोष्ट ऐकताना मूल पुढे काय होईल या धाकधुकीत असतं. तिसऱ्यांदा त्याला शेवट ठाऊक असतो, म्हणून ते आजूबाजूला पाहायला मोकळं होतं. आमच्या गंगाफळवाल्या पोरीनंही पहिल्या वाचनात नव्हे, तिसऱ्या दिवशीच्या वाचनात बोट ठेवलं होतं.

म्हणून पुस्तक निवडताना स्वतःला विचारा: हे मला पन्नास वेळा वाचवेल का? आपल्या जुन्या गोष्टी या परीक्षेत पहिल्या येतात. चिऊ-काऊच्या गोष्टीत कावळा दार ठोठावत राहतो आणि चिमणी दर वेळी नवीन काम सांगते. म्हातारीला वाटेत एकेक जनावर भेटतं आणि प्रत्येकाला ती एकच वायदा करते. ही घडण शेकडो आज्यांच्या तोंडी घासून गुळगुळीत झाली आहे. पुढचं वाक्य मुलाला आधीच कळतं, ते तोंड उघडून वाट पाहतं आणि बरोबर क्षणी आपल्याबरोबर म्हणतं. वाचता न येणारं मूल त्या क्षणी पुस्तक 'वाचतं'. नव्या पुस्तकातही अशी एखादी परतपरत येणारी ओळ शोधा.

आता डोळ्यांकडे वळू. चित्र 'सुंदर' असणं पुरेसं नाही. शब्दांनी जे सांगितलं तेच चित्रात पुन्हा काढलं असेल, तर चित्र वाया गेलं. चांगल्या चित्रपुस्तकात चित्र काहीतरी जास्तीचं सांगतं. मजकूर म्हणतो, सगळे झोपले. चित्रात खाटेखाली मांजराचे दोन डोळे चमकत असतात. मोठ्या माणसाला ते दिसत नाहीत, कारण त्याची नजर अक्षरांवर असते. मुलाला दिसतात, आणि मग ते आजीला काहीतरी दाखवू शकतं. घरात सगळं काही मोठ्यांकडून छोट्यांकडे जात असतं. चित्रपुस्तक ही दिशा उलटवतं. मला त्याची ही गोष्ट फार मोलाची वाटते.

माधुरी पुरंदरे यांची पुस्तकं मी या कारणासाठी सगळ्यांना सुचवते. त्या चित्रकला शिकलेल्या आहेत, मुंबईच्या जे. जे. मध्ये आणि पुढे पॅरिसला, आणि लिहितातही स्वतःच. लिहिणारा आणि चित्र काढणारा हात एकच असला की काय शब्दांत ठेवायचं आणि काय चित्रावर सोपवायचं हे नेमकं ठरतं. त्यांच्या 'बाबांच्या मिश्या' या पुस्तकात अनू नावाच्या मुलीला आपल्या बाबांच्या मिशीचं विलक्षण कौतुक आहे. कुठला उपदेश नाही, कुठलं संकट नाही. मिश्याच मिश्या. 'राधाचं घर' या संचात घरातल्या एकेका माणसाचं एकेक छोटं पुस्तक आहे. त्या घरात भांडी घासलेली असतात, कोणी पेपर वाचत असतं, कोणी रुसतं. हे आपलं घर आहे, हे मुलाला सांगावं लागत नाही. पुरंदरे यांना २०१४ साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. तरी अजून कितीतरी घरांत त्यांचं नाव पोचलेलं नाही, याची मला खंत आहे.

अगदी लहान मुलांसाठी एक बारीक गोष्ट. पुस्तक उघडल्यावर समोर दोन पानं येतात. दोन्ही पानांवर वेगवेगळी भरगच्च चित्रं असतील, तर तीन वर्षांच्या मुलाला आपण आत्ता कशाबद्दल वाचतोय हे कळत नाही. हॉर्स्ट यांनीच झोई फ्लॅक यांच्याबरोबर २०१८ साली हे दाखवून दिलं. एका वेळी एकच चित्र समोर असताना मुलं नवे शब्द जास्त शिकली. दोन चित्रं असताना कमी शिकली, पण वाचणाऱ्यानं आधी योग्य पानावरून हात फिरवला तर ती उणीव भरून निघाली. म्हणजे पुस्तक भरगच्च असेल तर तुमचं बोट तरी चालू ठेवा. बोट फिरवत वाचायची आपल्या आज्यांची सवय किती शहाणपणाची होती!

पानातून उभे राहणारे वाडे, ओढायच्या पट्ट्या, दाबलं की आवाज करणारी बटणं असलेली महागडी पुस्तकं परगावचे पाहुणे हौसेनं आणतात. खेळणं म्हणून ती छान आहेत. पण २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात साध्या सपाट चित्रांच्या पुस्तकातून मुलं जास्त शिकली आणि अशा ओढा-दाबाच्या पुस्तकातून कमी. मुलाचं सगळं लक्ष पट्टी ओढण्यात जातं, गोष्ट हातातून सुटते. तेव्हा महाग पुस्तक परवडत नाही म्हणून कोणी मन खट्टू करून घेऊ नये. वर्षाच्या आतल्या बाळाला जाड पुठ्ठ्याचं, मोठ्या ठसठशीत चित्रांचं, चावलं तरी टिकेल असं एखादं पुस्तक पुरे. त्या वयात पुस्तक तोंडात जाणारच.

आता जरा अवघड विषय. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरला ९७वं मराठी साहित्य संमेलन भरलं होतं. ग्रंथप्रदर्शनात एका गाळ्यावर एक बाबा चार वर्षांच्या मुलाला घेऊन उभे होते. मुलानं एक पुस्तक उचललं, बेडकाचं चित्र पाहून खदखदून हसलं आणि छातीशी धरलं. बाबांनी ते हातातून घेतलं, मागचं पान पाहिलं आणि विक्रेत्याला विचारलं, "यातून काय शिकायला मिळेल?" विक्रेत्याला उत्तर सुचलं नाही. बाबांनी ते ठेवलं आणि बोधकथांचं जाडजूड पुस्तक घेतलं. मूल मागे वळून वळून बेडकाकडे पाहत होतं. मला त्या बाबांना दोष द्यायचा नाही. कष्टाचा पैसा, मुलाच्या भल्यासाठीच ते तो खर्च करत होते. पण त्या दिवशी माझ्या जिभेवर आलेलं उत्तर मी गिळलं, ते इथे लिहिते. त्या बेडकातून पोरगं हे शिकलं असतं, की पुस्तकात हसू असतं. तीन-चार वर्षांच्या वयात याहून मोठा धडा पुस्तकाजवळ नाही. तो एकदा शिकला की बाकीची पुस्तकं ते मूल आपणहून उघडतं.

अमळनेर म्हटलं की साने गुरुजी. गुरुजी १९२४ ते १९३० या काळात तिथल्या शाळेत शिक्षक होते, वसतिगृहातली मुलं सांभाळत होते, त्यांच्यासाठी हातानं लिहून दैनिक काढत होते. 'श्यामची आई' पुढे नाशिकच्या तुरुंगात लिहिली गेली आणि १९३५ साली प्रसिद्ध झाली. तिची रचना पाहा. प्रकरणांना प्रकरण म्हटलेलं नाही, रात्र म्हटलंय. अशा बेचाळीस रात्री श्याम आपल्या मित्रांना बसवून तोंडानं गोष्ट सांगतो. म्हणजे हे पुस्तक मुळात ऐकायचं आहे. आमच्या भागात मात्र त्याचं एक विचित्र झालंय. गुरुजींवरच्या प्रेमापोटी माणसं ते चार वर्षांच्या मुलाच्या वाढदिवसाला देतात. चार वर्षांच्या मुलाला त्यातल्या दुःखाचा भार पेलत नाही. ते पुस्तक दहा-बारा वर्षांच्या मुलाजवळ बसून, रोज रात्री एक याप्रमाणे वाचावं. गुरुजींनी केलं तसं करायचं असेल तर लहानग्यांना आधी जवळ घ्यावं, हसवावं.

खान्देशाला कानाची परंपरा मोठी आहे. बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) जळगावजवळच्या आसोद्याच्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात, चुलीपुढे त्या रचत गेल्या आणि मुलगा सोपानदेव व घरच्यांनी ते टिपून ठेवलं म्हणून १९५२ साली ती गाणी पुस्तकात आली. १९०७ साली जळगावला भरलेल्या कविसंमेलनात धरणगावच्या त्र्यंबक बापूजी ठोंबरे या कोवळ्या पोराला 'बालकवी' ही पदवी मिळाली, तीही त्यांनी कविता म्हणून दाखवली आणि ऐकणारे थक्क झाले म्हणून. आमच्याकडे सांगणारे होते, ऐकणारे होते. मांडीवर चित्रांचं पुस्तक तेवढं नव्हतं. दोन्ही एकत्र आणायला आता कोणाची आडकाठी नाही.

बहिणाबाईंची आठवण आणखी एका कारणानं काढली. पुष्कळ घरांत मुलाजवळ सगळ्यात जास्त वेळ असते ती आजी, आणि तिला वाचता येत नाही. 'मला काय वाचता येतं का बाई!' म्हणून ती पुस्तक सुनेकडे सरकवते. अशा घरासाठी शब्द नसलेली चित्रपुस्तकं आहेत, फक्त चित्रांतून चालणारी गोष्ट. चित्र पाहायचं आणि आपल्या शब्दांत सांगायचं. ज्या बाईनं आयुष्यभर कानबाईची गाणी म्हटली, सुगरणीचं घरटं पाहिलं, केळीच्या बागेला पाणी दिलं, तिच्याजवळ शब्दांना काय तोटा? माझ्या शेजारच्या आजींनी अशाच एका पुस्तकातल्या बाजाराच्या चित्रावर अर्धा तास गोष्ट सांगितली होती. त्यात भरताची वांगी होती, भाव होता, घासाघीस होती, आणि शेवटी हरवलेली शेळीही सापडली. पुस्तकात शेळी नव्हतीच. नातवानं ती मागून घेतली होती.

इथेच बोलीचा प्रश्न येतो. धुळे, नंदुरबार आणि जळगावच्या पश्चिम भागात घराघरात अहिराणी, इकडे यावल-रावेर-भुसावळकडे लेवा गणबोली, सातपुड्याच्या पायथ्याला पावरी आणि भिली, तांड्यांवर गोरमाटी. पुस्तक मात्र प्रमाण मराठीत. पुष्कळ आयांना वाटतं की पुस्तक वाचताना तरी 'शुद्ध' बोललं पाहिजे, आणि त्या भीतीनं त्या वाचतच नाहीत. माझं ऐका. छापलेली ओळ आहे तशी वाचा, म्हणजे पुस्तकाची भाषा कानावर पडेल. मग चित्राबद्दल बोला ते आपल्या बोलीत. 'हाऊ कोन शे?' असं विचारलं की मूल जेवढं भडाभडा बोलेल तेवढं 'हा कोण आहे?' या प्रश्नाला बोलणार नाही. ज्या भाषेत मूल रडतं आणि हट्ट करतं, त्या भाषेत त्याच्याजवळ शब्द जास्त असतात. शाळेची मराठी नंतर येते, आणि या पायावर चांगली येते. मी वर्गात हे वर्षानुवर्षं पाहिलं.

प्रश्न विचारण्याचंही एक तंत्र आहे. 'हे काय? वाघ. हे काय? झाड.' अशी उलटतपासणी सुरू झाली की मूल उठून जातं. ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९८८ साली दोन-अडीच वर्षांच्या मुलांच्या आई-वडिलांना एवढंच शिकवलं, की हो-नाहीत उत्तर संपेल असे प्रश्न टाळा, मूल जे बोलेल त्यात एक-दोन शब्द भर घालून परत बोला, कौतुक करा. महिनाभरातच त्या घरांतली मुलं बोलण्याच्या चाचण्यांत इतर मुलांच्या काही महिने पुढे गेली. इतर घरांतही पुस्तकं तेवढीच वाचली जात होती, हे विशेष. फरक पडला तो बोलण्यानं. मूल म्हणालं 'कुत्रा', तर आपण म्हणावं 'हो, काळा कुत्रा. कुठे निघाला असेल गं तो?' आणि मग गप्प बसावं. दहापर्यंत मोजावं. लहान मुलाला उत्तर जुळवायला आपल्याला वाटतो त्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

काय टाळावं, तेही थोडक्यात. 'अ अननसाचा' छापाची चित्रं-अक्षरं हा तक्ता आहे, गोष्टीचं पुस्तक नव्हे. तो घ्यायचा तर घ्या, पण चित्रपुस्तक घेतलं असं समजू नका. एका पानात तीन गोष्टी कोंबलेल्या, बारीक टाइपाच्या, खाली काळ्या अक्षरांत तात्पर्य छापलेल्या पुस्तकांपासून दूर राहा. प्रत्येक प्राण्याला एकसारखे बटबटीत डोळे आणि पापण्या असतील तर चित्रकारानं प्राणी पाहिलेलाच नाही असं समजा. आणि रंग काळा म्हणून वाईट, जाड म्हणून हसण्यासारखा, मुलगी म्हणून रडकी, असं काही चित्रात दिसलं तर पुस्तक तिथेच ठेवा. मूल ते बोलून दाखवत नाही, पण साठवतं.

पुस्तकं मिळतात कुठे? नॅशनल बुक ट्रस्ट आणि चिल्ड्रन्स बुक ट्रस्ट या दोन्ही संस्था १९५७ साली स्थापन झाल्या. नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालय मालेत चांगल्या चित्रकारांची पुस्तकं अगदी कमी किमतीत निघाली, मिकी पटेल यांची रूपा हत्तीण त्यातलीच. मराठीत ज्योत्स्ना प्रकाशनानं चित्रपुस्तकांसाठी चिकाटीनं काम केलंय. बंगळुरूच्या प्रथम बुक्सनं २००४ पासून स्वस्त पुस्तकं काढली आणि २०१५ साली 'स्टोरीवीव्हर' हे संकेतस्थळ सुरू केलं. तिथे मराठीतली पुष्कळ चित्रपुस्तकं फुकट वाचता येतात, उतरवून घेऊन छापता येतात, आणि कोणालाही आपल्या भाषेत त्यांचं भाषांतर करता येतं. आमच्या तरुण शिक्षकांनी हे शेवटचं वाक्य पुन्हा वाचावं. अहिराणीत, लेवा गणबोलीत, पावरीत चित्रपुस्तक हवं असेल तर कोणाच्या परवानगीसाठी थांबायची गरज नाही.

आणि गावोगावची वाचनालयं आहेत. जळगावचं वल्लभदास वालजी जिल्हा वाचनालय १८७७ सालचं आहे. तालुक्याच्या, खेड्यांच्या ठिकाणीही ग्रंथालयं उभी आहेत. पण एका गावच्या ग्रंथालयात पाहिलेलं सांगते. बालविभागात चित्रपुस्तकं होती, चांगली होती, काचेच्या कपाटात होती आणि कपाटाला कुलूप होतं. पाठकण्यांच्या बाजूनं उभी लावलेली. चार वर्षांच्या मुलाला पाठकणा वाचता येत नाही, ते मुखपृष्ठ पाहून निवडतं. किल्ली ज्यांच्याकडे होती त्यांनी काळजीच्या सुरात सांगितलं, पोरं फाडतात. फाडतातच. खळ आणि चिकटपट्टी यांचा खर्च वर्षाला किती येईल? कुलूपबंद राहिलेल्या नव्याकोऱ्या पुस्तकांवर झालेला खर्च त्याहून कितीतरी मोठा, आणि तो सगळा पाण्यात गेलेला.

तेव्हा तुम्ही ग्रंथालयाचे चिटणीस असाल, अंगणवाडी सेविका असाल, ग्रामपंचायतीत असाल, तर एक काम करा. मुलांच्या छातीएवढ्या उंचीवर भिंतीला सुतळी बांधा, कपड्यांचे चिमटे घ्या आणि चित्रपुस्तकं मुखपृष्ठ समोर येईल अशी अडकवा. खाली एक सतरंजी टाका. आणि घरी आजी असाल, मावशी असाल, आत्या असाल, तर येत्या आखाजीला पोरांना कपड्यांबरोबर एकेक पुस्तक घ्या. दुकानात एक पान मोठ्यानं वाचून घ्या, आणि दुपारी कूलरसमोर चटई टाकून त्यांच्याबरोबर बसा.